खिंडीतली धाप

मामा,

तुमच्या शोकसभेत जे बोललं गेलं त्यातलं एक वाक्यही मला पटलं नाही. ‘शांत माणूस होता, कधी कुणाशी वर आवाजात बोलला नाही,’ असं रायपूरच्या तात्यापाऱ्यातले तुमचे जुने शेजारी ओळीनं उठून सांगत होते. मी मागे सतरंजीवर बसून ऐकत होते. तुम्ही आणि शांत? माझ्याशी वाद घालताना तुमचा आवाज खालच्या कापड दुकानात ऐकू जायचा आणि दुकानदार बाहेर येऊन वर बघत विचारायचा, “क्या भैया, भांजी आई है क्या?”

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर काहीतरी लिहून दे, असं मला सांगितलं आहे. जन्म कुठला, रेल्वेत किती वर्षं काढली, कुणाकुणाला मदत केली. ते सगळं त्यांच्याकडे आहे, त्यांनी छापावं. मला तुमच्याशीच बोलायचं आहे. आपला वाद अर्ध्यावर राहिला. शिवाय मागच्या आठवड्यात तुमच्या घरी एक गोष्ट घडली, ती तुम्हाला सांगणारं माझ्याशिवाय कुणी नाही. मामी सांगणार नाहीत. त्या तुमच्यावर चिडल्या आहेत.

ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही तेही हे वाचतील, म्हणून क्रमानं लिहिते.

मी पत्रकांवर वाढले, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायचात. खोटं नव्हतं. बाबा उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये होते. पाळी संपली की ते कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. शाईचा वास आला की मला अजून आपल्या घरी आल्यासारखं वाटतं. अक्षरं मी ‘साथियो’ या शब्दावर शिकले. त्याच्यापुढच्या उद्गारचिन्हावर बोट ठेवून मी विचारलं, हे कोणतं अक्षर, तर बाबा म्हणाले, हे आपलं अक्षर. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. घरात गोष्टीचं पुस्तक नव्हतं. ज्याला उद्याच्या कामाची खात्री नाही त्यानं खोट्या राजाराणीत जीव कशाला अडकवायचा, असं बाबांचं म्हणणं. माझंही आजवर साधारण तेच आहे.

आईला मात्र भीती होती की पोरगी हिंदीच बोलणार, मराठीत फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणणार. तुमचा समीर तसाच झाला होता. म्हणून शाळेला सुट्टी लागली की ती मला तुमच्याकडे पाठवून द्यायची. मी जिना चढून वर आले की तुम्ही आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायचात, “क्रांती आली! चहा ठेवा!” आणि आपल्याच विनोदावर हसत बसायचात. तो विनोद मला तेव्हाही आवडत नव्हता. परवा जिना चढताना वरच्या पायरीवर उगाच थांबले. कुणी काही ओरडलं नाही.

मामी त्याच जिन्यावरून पडल्या होत्या. कमरेखाली जीव उरला नाही. वरच्या मजल्यावरचं घर, जिना अरुंद, त्याला मध्येच वळण. खुर्चीत बसवून खाली न्यायचं म्हटलं तर खुर्ची वळणात अडकायची. दवाखाना सोडला तर मामी खाली उतरल्याच नाहीत. आणि तुम्ही आरक्षणाच्या खिडकीवर बसून अख्ख्या रायपूरला हावड्याला, पुरीला, मुंबईला धाडत होतात. तुम्हाला रेल्वेचा पास मिळायचा. तो तुम्ही वापरल्याचं मला आठवत नाही. का वापरत नाही, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. घरी आलात की हातपाय धुवायचे, मामींच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढायची आणि पुस्तक उघडायचं, एवढंच.

मी शाळेत वाचन शिकले होते. तुमच्या घरी चालायचं ते वाचन नव्हतं. तुम्ही दोघं चक्क जायचात.

आधी मामी विचारायच्या, “कुठं जायचं हाय? थंडीचं की गरमीचं?” डोंगराचं पुस्तक असेल तर भर मे महिन्यात कूलरसमोर शाल निघायची. लांबचा प्रवास असेल तर घरकामाला येणाऱ्या छत्तीसगढी सुकवाराबाईंना दशम्या करायला सांगायचात, आणि त्या कागदात गुंडाळूनच आणायच्या, ताटात नाही. समुद्रावरच्या एका पुस्तकात मामींनी पहिल्याच दिवशी उलटी येते म्हणून लिंबू मागवलं होतं. ते नाटक होतं की खरं, मला अजून माहीत नाही. आणि तुम्ही वाचताना नाव वल्हवायचात, उंटावर हलायचात, चढण आली की धापा टाकायचात. मी दारात उभी राहून लाजायचे. मोठी माणसं असं करतात का?

सगळ्यात कडक नियम मुक्कामाचा. पुस्तकातली माणसं वाटेत असताना पुस्तक मिटायचं नाही. त्यांना रात्रीपुरता का होईना आडोसा मिळाला पाहिजे. धर्मशाळा, तंबू, बंदर, कुणाची ओसरी, काहीही चालेल. मग मिटायचं. मामींचं म्हणणं साधं होतं, “ते तिकडं थंडीत उभे अन् मी इथं झोपू? मले झोप येत नाही.” एकदा गॅसवाला सिलेंडर खांद्यावर घेऊन दारात उभा होता आणि तुम्ही हात वर करून म्हणालात, “दो मिनट रुको भैया, नाव किनारे लग रही है.” तो बिचारा सिलेंडर खाली ठेवून ऐकत राहिला. मराठी कळत नव्हतं, पण नाव लागली तेव्हा त्यानंही सुस्कारा सोडला.

हे सगळं मला गोड वाटायचं वय लवकर संपलं. कॉलेजात गेले, उरल्याच्या मिलच्या गेटवर उभी राहू लागले, बाबांच्या जागी पत्रकं लिहू लागले. आणि मग आपला वाद सुरू झाला. तो शेवटपर्यंत चालला.

मी म्हणायचे, पुस्तकं माणसाला आहे त्या जागी निमूट बसायला शिकवतात. मामींना खाली उतरता येत नाही, कारण घरमालक जिना दुरुस्त करत नाही, कारण या शहरात एक फुटपाथ सलग नाही, कारण ज्या स्टेशनात तुम्ही आयुष्य घालवलं तिथं चाकाची खुर्ची ढकलताना घाम फुटतो. यासाठी भांडायचं सोडून तुम्ही त्यांना पलंगावर बसल्या बसल्या हिमालय दाखवता. म्हणजे तुम्ही त्या जिन्याला माफ करता.

“मग काय करू?” तुम्ही विचारायचात.

“मागणी करा. मी लिहून देतो पत्रक.” तुमच्या घरी मी चिडले की तुमच्यासारखीच ‘देतो’ म्हणायचे.

“लिही ना. मी वाटतो. कुठं वाटू सांग. पण पोट्टी, तुझा रॅम्प बनून राहिला तोवर हिनं दुपारी काय करायचं? भिंत पाह्यची?”

“तुम्ही नेहमी दुपारवरच येता!”

“दुपार रोज येते ना बाई. क्रांती एकडाव येईल.”

पलंगावरून मामी म्हणायच्या, “क्रांती रोजच येऊन राहिली आहे, अन् दोघंही चहा थंड करून राहिले. प्या आधी.”

पत्रक मी लिहिलं होतं, आणि तुम्ही खरंच ते स्टेशनबाहेर उभं राहून वाटलं होतंत. हे शोकसभेत कुणी सांगितलं नाही. निवृत्त माणूस, हातात कागदांचा गठ्ठा, आणि प्रत्येकाला ‘पढ़िएगा जरूर’ म्हणत होता. संध्याकाळी मला म्हणालात, “पत्रक चांगलं हाय तुझं. पण मी सांगू? त्यात जिना दिसत नाही. मागणी दिसते, जिना नाही. वाचणाऱ्याच्या पायाला ते वळण लागलं पाह्यजे.” मी म्हटलं, पत्रक म्हणजे कादंबरी नव्हे. तुम्ही म्हणालात, “तू सगळ्यांसाठी लिहिते, म्हणून कोणीच तिथवर जात नाही. एकाले पोचवून पाह्य.” मी पिशवी उचलून निघून गेले. त्यावर माझं उत्तर तयार होतं, पुढच्या वेळी देणार होते. त्या वेळी विषय वेगळाच निघाला, त्यानंतर तुमचं शेवटचं पुस्तक सुरू झालं, आणि ते उत्तर माझ्याकडेच राहिलं. आता ते मला तितकंसं जोरदारही वाटत नाही, पण वाटलं तरी कुणाला देऊ? रायपुरात माझ्याशी मराठीत भांडणारा माणूस नाही. समीरदादा हिंदीत समजूत घालतो. समजूत आणि भांडण यांत किती फरक असतो, ते तुम्ही गेल्यावर कळलं.

ते शेवटचं पुस्तक. जुन्या काळी मेंढ्यांच्या पाठीवर मीठ लादून हिमालयाच्या खिंडी ओलांडणारे लोक होते, आणि त्यांच्या तांड्याबरोबर गेलेल्या एका मास्तरानं ते लिहिलेलं. त्या दुपारी जेवणं झाली होती. तांडा चढणीला लागलेला. ऊन होतं, कूलर चालू होता, मामींच्या अंगावर शाल. सुकवाराबाई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या.

मामींनी मला हे तेरवीनंतर सांगितलं. एकदाच, भिंतीकडे बघत. तुम्ही चढण वाचत होतात. धापा टाकत होतात. नेहमीसारख्याच. वाक्य तोडून, मध्ये थांबून, पुन्हा श्वास घेऊन. स्वयंपाकघरातून सुकवाराबाई हसून म्हणाल्या, “बबा आज फेर पहाड़ चढ़त हे का दाई?” मामी म्हणाल्या, “हव, चढ़त हे.” मग त्यांनी तुम्हाला म्हटलं, “वा! आज तर खरंच चढून राहिले तुम्ही. आवाज बसला. थांबा आता जराक.” तुम्ही हात हलवून म्हणालात, “थांब, पोचतोच.” आणि आणखी थोडं वाचलंत. मग पुस्तक खाली पडलं.

मामी हाका मारत राहिल्या. त्या उठू शकत नव्हत्या. सुकवाराबाई ओल्या हातांनी धावत आल्या, तशाच खाली कापड दुकानात गेल्या, माणसं वर आली. त्या जिन्याच्या वळणातून तुम्हाला खाली न्यायला वेळ लागला. दवाखान्यात काही करायला उरलं नव्हतं.

“मी त्यांले वा म्हटलं,” मामी म्हणाल्या. “त्यांचा जीव चालला होता अन् मी वा म्हटलं.”

दुसऱ्या कुठल्याही घरात म्हातारा माणूस असा धापा टाकू लागला असता तर पाणी आलं असतं, रिक्षा आली असती. तुमच्या घरात शाबासकी आली. मामा, मला तुमचा इतका राग आला होता की तुमच्या फोटोकडे बघवत नव्हतं. छातीत कळ येत असताना हा माणूस नियम पाळत बसला! मेंढ्यांना मुक्कामाला पोचवल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही म्हणून! मनातल्या मनात मी तुम्हाला ओरडून सांगत होते, हेच म्हणत होते ना मी? कागदावरच्या माणसांसाठी खरी माणसं मरतात. वाद मी जिंकले होते. असा जिंकलेला वाद घेऊन मी उरल्याच्या बसमध्ये खिडकीशी बसायचे, ट्रकांची धूळ आत यायची, आणि काच लावायचंही सुचायचं नाही.

मामी त्यानंतर कुठं गेल्या नाहीत. हे फक्त तुम्हालाच कळेल. पूर्वी त्या पलंगावर असूनही घरात सापडायच्या नाहीत, बोलवावं तर “थांब, मी बंदरात हाय” म्हणायच्या. आता हाक मारली की लगेच “काय?” म्हणतात. शाल घडी घालून कपाटात गेली. दशम्या बंद. दुपारी त्या छताकडे बघत पडतात. मी एकदा एक पुस्तक हातात घेतलं, तर म्हणाल्या, “ठेव ते. माझ्या पायी एक माणूस गेला, बस झालं.”

समीरदादा चांगला मुलगा आहे. तो नवा रायपूरहून दर रविवारी येतो. त्यानं आपल्या फोनमध्ये मराठी पुस्तकं वाचून दाखवणारं काहीतरी टाकून आणलं. “मम्मी, सब किताबें हैं इसमें. बस बटन दबाओ.” मामींनी थोडा वेळ ऐकलं. एक गोड, भरदार आवाज होता. मग त्यांनी विचारलं, “हा माणूस कोणाले सांगून राहिला?”

“सबको, मम्मी.”

“मंग मले काहून? बंद कर.”

त्यानंतर त्यानं खरी गोष्ट काढली. त्याच्या सोसायटीत लिफ्ट आहे, खाली रॅम्प आहे, चाकाची खुर्ची सरळ रस्त्यापर्यंत जाते. मामींना तिकडं न्यायचं, हे घर सोडून द्यायचं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तू ही तो बोलती थी ना, क्रांती? रैम्प होना चाहिए.” मी होच म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी त्याच्याच बाजूला होते, पण बघत होते मामींकडे.

मामी म्हणाल्या, “रॅम्पवरून उतरून जाऊ कुठं?”

तिथले रस्ते तुम्ही पाहिले होते. रुंद, स्वच्छ, दूरवर माणूस नाही. पण मामी ‘येत नाही’ असंही म्हणाल्या नाहीत. “तुले ठीक वाटते ते कर,” एवढंच. मला ते नकारापेक्षा वाईट वाटलं. ज्या बाईला पलंगावरून दोन खंड फिरवून आणलं होतंत तुम्ही, तिला आता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलं काय, नाही हलवलं काय, सारखंच झालं होतं. त्यांची ही अवस्था मला बघवत नव्हती, आणि माझ्याकडे द्यायला एक पत्रकसुद्धा नव्हतं.

आता मागच्या आठवड्यातलं.

मी दुपारी गेले होते. सुकवाराबाई दारात बसून मटार सोलत होत्या. मामी छताकडे बघतच म्हणाल्या, “ते लोक अजून तिथंच हायत.”

“कोण?”

“मेंढ्यावाले. खिंडीत उभे. इतके दिवस झाले. थंडीनं मेले असतील.”

मी कपाटाकडे पाहिलं.

“काढ ते पुस्तक,” त्या म्हणाल्या. “मुक्कामाला पोचव त्यांले अन् मिट. मंग समीरकडे जाते. पण ह्यांच्यासारखी नको वाचू. धापबीप नको.”

“मले येतच नाही, मामी.”

“बरं हाय मग.”

पुस्तक सुकवाराबाईंनी मिटून कपाटात ठेवलं होतं. कुठं थांबलात त्याची खूण नाही. मी विचारलं, कुठून वाचू? मामी म्हणाल्या, “मले आठवते तिथून. पावसानं मीठ ओलं झालं होतं. मेंढ्यांच्या पाठीवरच्या पिशव्या जड झाल्या होत्या. तिथं माझा डोळा लागला.”

“अन् जाग आली तेव्हा?”

“तेव्हा बर्फ होता. चढण होती. शब्द नाही आठवत मले, ह्यांची धाप आठवते.”

ओलं मीठ मला सापडलं. मी वाचायला लागले. मला एकच वाचन येतं, गेटवरचं. पहिल्या दोन ओळींतच मामी म्हणाल्या, “हळू. पाळी नाही सुटली इथं.” सुकवाराबाई हसल्या. मी आवाज उतरवला. सपाट, कोरडं वाचत गेले. पाऊस थांबला. ओढा आला, तो मेंढ्यांनी एकेक करून ओलांडला. एका म्हाताऱ्यानं कोकरू सदऱ्यात घातलं. अंधारून आलं, तशी दगडांच्या आडोशाला त्यांनी जागा बघितली. पिशव्या उतरवून भिंतीसारख्या रचल्या, तंबू ताणला, शेण्या पेटवल्या, सातू शिजायला ठेवला. प्रकरण संपलं. मी थांबले.

“थांबली काहून?”

“प्रकरण संपलं. मुक्काम आला, मामी.”

“अन् खिंड?”

मी पान उलटून पाहिलं. “खिंड पुढच्या प्रकरणात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चढायला लागतात.”

मामी मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे बघायला लागल्या. “नीट पाह्य.”

मी नीट पाहिलं. ओलं मीठ, ओढा, तंबू, मग कोरी अर्धी जागा, मग नवं प्रकरण, बर्फ, चढण.

“म्हणजे मुक्काम होऊन गेला होता.”

“हो.”

“अन् मी झोपली होती.”

“हो.”

“मंग हे कोणाले वाचून दाखवून राहिले होते?”

मामा, तेव्हा मला तुम्ही दिसलात. मामी झोपल्या आहेत. तांडा सुखरूप तंबूत आहे. नियम पाळून झाला आहे. पुस्तक मिटून चहा घ्यायला हरकत नाही. आणि तुम्ही बायकोच्या तोंडाकडे एकदा बघता, जागी होते का पाहता, आणि पान उलटता. तिची वाट न बघता. आवाज थोडा लहान केला असेल, पण वाचणं मोठ्यानंच, कारण तुम्हाला दुसरं येत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही मामींसाठी वाचता. मामीही तेच समजत होत्या. तो पास न वापरणारा माणूस, दुसऱ्यांना गाडीत बसवून देणारा, त्याला स्वतःला कुठं जायचं असेल असं आम्हा दोघींच्या मनात कधी आलं नाही. तुम्ही ‘पोचतोच’ म्हणालात ते मुक्कामाबद्दल नव्हतं. तुम्हाला वर जायचं होतं. पलीकडं काय दिसतं ते बघायचं होतं.

मामींच्या चेहऱ्यावर रंग चढला. “चोट्टा!” त्या म्हणाल्या. “मले झोपलेली सोडून समोर गेला!”

तुमच्यासाठी मामींच्या तोंडून एकेरी मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. सुकवाराबाई सूप बाजूला ठेवून उठल्या, “का होगे दाई?”

“तोर बबा मोला सुतत छोड़ के पहाड़ चढ़ गे!”

“अकेल्ला?”

“हव, अकेल्ला! मले म्हणे तुले सोडून कुठं जात नाही. इतकी वर्षं म्हणे. अन् एक डोळा लागला तर निघाला!” राग होता, की हसू येत होतं, की दोन्ही, मला ओळखता आलं नाही. मग त्या रडल्या. तेरवीला न रडलेल्या मामी अशा रडल्या की सुकवाराबाई पलंगावर जाऊन त्यांना धरून बसल्या. माझ्या मांडीवर पुस्तक होतं. मला कुणी धरण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पुस्तकच धरून बसले.

वाद जिंकल्याचं मी वर लिहिलं आहे. तो आता पुन्हा उघडा झाला. तुम्ही पुस्तकांनी मामींना पलंगाला बांधून ठेवता, असं मी म्हणत होते, आणि बांधलेले तुम्ही होतात. की नव्हतात? ‘माफ करता’ या माझ्या शब्दावर तुम्ही एकदा नुसते हसला होतात, त्या हसण्याचा अर्थ काय होता? जिन्याला माफ करायचं नाही, यावर मी अजूनही ठाम आहे. त्या वळणानं तुमचा वेळ खाल्ला, हे मी घरमालकाच्या तोंडावर सांगितलं आहे आणि लेखीही देणार आहे. पण त्या कागदात या वेळी वळण दिसेल. तुम्हाला दाखवायला आणणार आहे, असं लिहायला हात गेला होता.

रडणं ओसरल्यावर मामींनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “वाच समोर.”

“आज राहू द्या, मामी. मुक्कामाला आहेत ते. तुम्हीच म्हणाला होता, मिट.”

“वाच म्हणते ना. कुठवर गेला ते पाहू दे.”

“अन् समीरदादाकडे?”

“ते पाहू. आधी हे.”

मी पुढचं प्रकरण वाचायला घेतलं. सकाळ, करकरीत थंडी, मेंढ्यांच्या नाकातोंडातून वाफ. चढण. बर्फ. माणसं बोलायची थांबतात. मामी डोळे मिटून होत्या. मला वाटत होतं, त्या कधीतरी हात वर करतील, सांगतील की इथं, इथंच. प्रत्येक पूर्णविरामाला मी थोडी थांबत होते. एखाद्या ओळीवर तुमचा आवाज ऐकू येईल असंही वाटत होतं. सगळ्या ओळी सारख्याच काळ्या होत्या. कुठल्याशा ओळीवर तुम्ही ‘पोचतोच’ म्हणाला असाल, कुठल्याशा ओळीवर पुस्तक पडलं असेल, आणि मी त्या ओळी माझ्या सपाट आवाजात, इतर ओळींसारख्याच, वाचत होते.

तांडा माथ्यावर आला. पलीकडे उघडं, तपकिरी पठार होतं, झाड नाही, घर नाही, फक्त वारा आणि खूप मोठं आभाळ. मी थांबून विचारलं, “मामी, इथवर आले होते का ते?”

मामींनी डोळे उघडले. आठवून पाहिलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “हे मी ऐकलं नाही.”

म्हणजे मागच्या एकदोन पानांत कुठंतरी आम्ही तुम्हाला ओलांडून आलो होतो, आणि ते कळलंही नव्हतं. मी पानं मागे उलटू लागले, तर मामींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“थंडी हाय तिथं वर,” त्या म्हणाल्या. “त्यांले उतरव आधी.”

मी उतार वाचायला लागले.